काही खोड नाही

"घरात आधी कुणाला असा त्रास होता का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी बोलून गेलो, "काही नाही. घराणं एकदम साफ आहे."

शेजारच्या खुर्चीत माझी मुलगी बसली होती. तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. कितीतरी दिवसांनी ती माझ्याकडं अशी सरळ बघत होती, आणि तिच्या नजरेत जे होतं त्यानं मी चुळबुळ करायला लागलो.

मी जनावरांचा दलाल आहे. राहायला उदगीरला. हाळी, अहमदपूर, लोहा, जत्रेच्या दिवसांत माळेगाव, असा बाजारांच्या मागं फिरत जन्म गेला. दुसऱ्याची गुरं राखण्यापासून सुरुवात केली, पुढं दलाली, आता सरकी पेंडेचं दुकानही आहे. कुणी काही दिलं नाही, घासाघीस करूनच सगळं उभं केलं. बाजारात गिऱ्हाईक बैलाभोवती चक्कर मारतं, दात बघतं, खुरं बघतं आणि शेवटी विचारतं, "खोड काय?" खोड म्हणजे जनावराची वाईट सवय. कुणी मारका असतो, कुणी दावं तोडतो, कुणी बशा असतो. बशा म्हणजे औत ओढता ओढता मध्येच बसकण मारणारा, शेपूट पिरगाळली तरी न उठणारा. खोड विचारली की विकणाऱ्याचं उत्तर ठरलेलं असतं, "काही खोड नाही." ते खोटंच असतं असं नाही आणि खरंच असतं असंही नाही. तोंडातून आपोआप येतं. काय असेल ते घेणाऱ्यानं हुडकायचं.

नांदेडच्या त्या दवाखान्यात माझ्या तोंडून तेच आलं. पण तिथं गिऱ्हाईक नव्हतं, आणि मी पोरीला विकायला नेलं नव्हतं.

"अप्पा," पोरगी म्हणाली, "आजीचं सांगा."

"आजीचं काय? आजी जाड होती. जाड असणं काय रोग हाय का?"

डॉक्टरीणबाई हातातलं पेन खाली ठेवून नुसत्या थांबल्या. असं थांबणारं गिऱ्हाईक मला बाजारातसुद्धा सहन होत नाही.

मुलगी लातूरला एका बँकेत नोकरीला होती. खोली घेऊन एकटी राहायची, शनिवारी घरी यायची. येताना माझ्यासाठी मुद्दाम खारे शेंगदाणे आणायची आणि आईसमोर म्हणायची, "हे अप्पांना देऊ नको, बीपी वाढतो." मग मागून गुपचूप पुडी हातात द्यायची. उन्हाळ्यात तिचं येणं कमी झालं. पावसाळा लागला आणि ती आली ती बॅग घेऊनच. रजा घेतली म्हणाली. अंगानं आणखी भरली होती. लहानपणापासून गुबगुबीत होती, पण आता जिना चढताना दम लागायचा. दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडायची. जेवायला हाक मारली तर यायची नाही, आणि दुपारी स्वयंपाकघरात उभ्यानं भाकरी खाताना दिसायची. कुणी पाहिलं की तुकडा तसाच ठेवून आत जायची. एकदा तिच्या आईला म्हणाली, "मी नसले तर तुमचं सगळ्यांचं सोपं होईल." घरची त्या दिवशी पेंडेच्या दुकानात आली, चारचौघांसमोर माझा हात धरला आणि म्हणाली, "आजच्या आज डॉक्टर बघा."

मी आधी ओरडलो होतो, हे लपवत नाही. "ऊठ, चालायला जा, पोट साफ होईल," असं काय काय. ओरडून जनावर उठतं, माणूस आणखी खाली बसतं, हे मला नंतर कळलं.

नांदेड एवढ्यासाठी की उदगीरात सगळे ओळखीचे आणि लातूरला तिच्या बँकेतली माणसं. अशा दवाखान्याच्या पायऱ्या चढताना कुणी पाहिलं तर संध्याकाळपर्यंत गावभर होतं.

तर डॉक्टरीणबाई थांबल्या होत्या. मग त्यांनी मलाच विचारलं, "तुमचंही वजन बरंच आहे. लहानपणापासून?"

"बाजारातलं खाणं हो. भजी, चहा."

"आणि तुमच्या आईंना जाडीशिवाय काही? गप्प बसणं, रडणं, कामात लक्ष नसणं?"

मी पंख्याकडं बघत राहिलो. पोरगीच बोलली, "आजी भिंतीकडं तोंड करून बसायची. अप्पांनीच सांगितलंय मला. मी तशीच बसते म्हणून रागावताना सांगितलं."

डॉक्टरीणबाईंनी मग जे सांगितलं ते मला समजलं तसं लिहितो. वजन वाढण्याचा कल काही प्रमाणात रक्तातून येतो आणि मन असं बसण्याचा कलही येतो. अभ्यास करणाऱ्यांना असं दिसलंय की या दोन्हींमागच्या जनुकांपैकी काही सारखीच आहेत. एकच दोर नाही, पुष्कळ बारीक धागे आहेत. कुणाच्या वाट्याला कुठले येतात ते सांगता येत नाही. शिवाय एक दुसऱ्याला ओढतं. मन बसलं की खाणं-झोप बिघडते, अंग वाढलं की लोक बोलतात आणि मन आणखी बसतं.

"म्हणजे हे आमच्यामुळं झालं," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता.

"तुमच्यामुळं नाही, तिच्यामुळंही नाही. कल असतो, निकाल नसतो. सगळ्या घरात एखाद्यालाच होतं, कुणालाच होत नाही, असंही असतं. पण हे आळशीपणामुळं किंवा खादाडपणामुळं झालं असं म्हणायचं असेल तर ते बंद करा."

पोरीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. मग तिनं त्या दिवसातला एकमेव प्रश्न विचारला. "गोळ्यांनी वजन वाढतं?"

"काहींनी वाढतं, काहींनी नाही. म्हणून तर घरातलं विचारतेय. जवळच्या रक्ताच्या माणसाला एखादी गोळी लागू पडली असेल तर मला दिशा मिळते. खात्री नाही, पण दिशा मिळते. सध्या ही हलकी देते. पंधरा दिवसांनी या, तोवर आठवून, विचारून या. आणि ते 'मी नसले तर' असं परत मनात आलं तर पंधरा दिवस थांबायचं नाही. त्याच दिवशी फोन."

खाली औषधाच्या दुकानात मी सवयीनं म्हणालो, "दहा टक्के तरी सोडा." दुकानदार म्हणाला, "काका, ही मंडई न्हाई." माझं डोकं सणकलं. मी त्याला काय बोललो ते इथं लिहीत नाही. मागं वळून बघतो तर पोरगी रस्त्याच्या कडेला उभी होती आणि तिनं गोळ्यांची पिशवी हातात घेतली नाही. मीच घेतली.

येताना एसटीत ती खिडकीपाशी बसली. कंधार मागं पडलं तेव्हा म्हणाली, "अप्पा, वजन वाढणार असंल तर मला त्या गोळ्या नको."

"डॉक्टर म्हणल्या ना, सगळ्यांनी वाढत न्हाई."

"या गोळीनं वाढतं का न्हाई ते त्यांना बी पक्कं ठाऊक न्हाई. आणि मी आणखी वाढले तर मला बँकेत जायचं न्हाई, लातूरला जायचं न्हाई, कुठंच जायचं न्हाई."

ती परत खिडकीबाहेर बघायला लागली. मी गुडघा हलवत बसलो. समोरच्या सीटवरच्या बाईनं वळून पाहिलं तरी गुडघा थांबेना. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. माय पहिल्यांदा भिंतीकडं वळली तेव्हा मी घरी नव्हतो; घरात आधी कुणाला काय लागू पडलं हे सांगू शकेल असं जगात एकच माणूस होतं, आणि त्याच्या दारात पाय ठेवायचा नाही असं मी ठरवून बसलो होतो.

तो माझा थोरला भाऊ. नांदेडलाच असतो. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाला. बापानं आमच्यातल्या एकालाच शिकवायचं ठरवलं आणि तो थोरला होता म्हणून त्याला शिकवलं. मला दुसऱ्या गावी नात्यातल्या एका घरी गुरं राखायला धाडलं. त्याबद्दल मी रडत बसलो नाही. पण माय गेल्यावर हा नातेवाइकांत बसून सांगायचा, "मायला कामाचा कंटाळा, खायचं आन बसायचं." आमची आजी, म्हणजे मायची सासू, मायला सगळ्यांदेखत बशी म्हणायची, आणि याचं शिक्षण झालेलं असून यानं तोच शब्द पुढं चालवला. मी बाजारात शंभर शिव्या ऐकतो, पण तो शब्द ऐकला की अजून माझ्या कानशिलातून वाफ निघते.

आणि त्याच्या मुलाचं लग्न. मंगल कार्यालयात घरच्यांचा फोटो निघत होता. पोरीनं त्या दिवसासाठी मोरपंखी साडी घेतली होती, स्वतःच्या पगारातून. भाऊ माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "पोरीला जरा मागं उभी कर." हळू म्हणाला, पण तिच्या कानावर गेलं. ती मागं गेली. मग तिथूनही हटली आणि जेवणाच्या पंगतीकडं निघून गेली. मी त्याच पावली सगळ्यांना घेऊन उदगीरला परतलो. त्यानंतर त्याचा फोन घेतला नाही. वाटेत नांदेड लागलं तरी त्याच्या गल्लीतून गेलो नाही.

ती मोरपंखी साडी पोरीनं परत नेसली नाही.

पुढचा आठवडा मी कसा काढला ते घरचीलाच माहीत. बाजारात उभा राहिलो तर बैलावर लक्ष लागेना. हाळीच्या बाजारात एक देवणी गाय आली होती, पायाशी तिचीच दोन वासरं. एक आधीच्या वेताचं मोठं, एक तान्हं. मोठं वानेरं, म्हणजे अंग स्वच्छ पांढरं आणि फक्त तोंडाच्या बाजूला काळं. धाकटं शेवरं, अंगभर काळे ठिपके उडालेले. गाय तीच, वळूही तोच होता, असं मालक शपथेवर सांगत होता. घेणारा हुज्जत घालत होता, "असं कसं होईल?" मी दलाल, मला माहीत आहे असं होतं. एरवी मी हे दोन शब्दांत मिटवलं असतं. त्या दिवशी मी वासरांकडं बघत उभा राहिलो आणि तो सौदा माझ्यासमोर दुसऱ्या दलालानं लावून टाकला.

घरी गोळ्यांची पट्टी फ्रिजवर तशीच होती. घरची रोज मोजायची आणि माझ्याकडं बघायची.

शेवटी एका सकाळी नांदेडची पहिली एसटी धरली.

दार वहिनीनं उघडलं. "भावजी? वाट चुकलात का?"

"बरोबर आलो. दादा हाय का?"

भाऊ आत पेपर वाचत होता. काटकुळा, पांढरा शर्ट इस्त्रीचा. मला पाहून उठला, मग काय करावं न सुचून परत बसला. "ये बारक्या. बस."

बारक्या हे माझं घरातलं नाव. मी सोफ्यावर बसलो तेव्हा सोफा कुरकुरला. त्याच्या सुनेनं आतून डोकावून पाहिलं आणि गोड हसून चहा ठेवायला गेली. स्वयंपाकघर आणि बैठक यांच्यामध्ये नुसता पडदा होता.

"सोयाबीनचं काय चाललंय तिकडं?" भावानं विचारलं.

"सोयाबीन खड्ड्यात जाऊ दे. मायला काय झालं होतं?"

त्यानं पडद्याकडं पाहिलं. "आता इतक्या वर्षांनी काय ते..."

"माझी पोरगी आजारी हाय. मायसारखी. डॉक्टर विचारून राहिल्या, आधी कुणाला काय दिलं होतं."

"मायला काही न्हाई झालं. तिला—"

"कामाचा कंटाळा म्हणलास तर हा टीपॉय उचलून टाकीन."

मी उभा राहिलो. खिडकीपर्यंत गेलो, परत आलो. भावाचे हात मांडीवर होते आणि एक हात दुसऱ्याचा अंगठा चोळत होता. माझ्या लक्षात आलं की याला बोलायचं नाही असं नाही, याला बोलता येईना झालंय. पडद्याआड सून होती, आणि मनानं हा माणूस अजून लग्नातच, सुनेच्या माहेरच्यांसमोर उभा होता.

मी खांद्यावरचा रुमाल काढला, त्याच्या शेजारी बसलो आणि रुमाल दोघांच्या हातांवर टाकला.

ज्यांनी बैलबाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा रुमालाखाली हात घालतात आणि बोटं धरून भाव सांगतात. एक बोट, दोन बोटं, अख्खा पंजा. वरून गप्पा पाऊसपाण्याच्या चालतात. भोवती वीस माणसं उभी असली तरी आत काय ठरलं ते त्या दोघांपुरतं राहतं. आमचा बाप आम्हा दोघांनाही लहानपणी बाजाराला न्यायचा. मास्तर झाला तरी भाऊ हे विसरला नव्हता. रुमाल पडताच त्याचा हात आपोआप पुढं आला.

"मायला डॉक्टरला दाखवलं होतं का?" मी अगदी हळू विचारलं. "हो असंल तर दाब."

त्यानं माझं बोट दाबलं.

"गोळ्या दिल्या?"

दाबलं.

"लागू पडल्या?"

या वेळी त्यानं दाबलं आणि सोडलंच नाही. त्याचा हात घामेजला होता.

"गोळीचं नाव ध्यानात हाय तुझ्या?"

त्यानं परत दाबलं.

"इतक्या वर्षांनी? कसं काय?"

त्यानं माझं बोट सोडलं. मग माझी पाची बोटं एकत्र धरली, सोडली, आणि दोन बोटं धरली.

मला कळेना. "पाच आन दोन काय? शेकडा का हजार?"

"वर्षं," भाऊ म्हणाला. ओठ हलले न हलले. "माझी. मी घेतोय."

पडदा सरकला आणि सून चहा घेऊन आली. आमचे हात बघून थबकली. "काका, हे काय? इथं कुठला बैल हाय?"

"म्हातारा हाय एक," मी म्हणालो. "दात पडलेत, पर चालतो अजून."

भाऊ हसला. त्याला हसताना मी कधी पाहिलं होतं ते मला आठवेना.

चहा तसाच ठेवून आम्ही गच्चीवर गेलो. पाण्याच्या टाकीच्या सावलीला उभं राहून त्यानं सांगितलं. तो लातूरला डीएडला होता आणि मी गुरांमागं दुसऱ्या गावी होतो, त्या वर्षीची गोष्ट. सुट्टीला घरी आला तर माय कुणाशी बोलत नव्हती. त्याच्या एका गुरुजींनी लातूरचा डॉक्टर सांगितला. देवाला जायचं असं आजीला सांगून हा मायला एसटीनं घेऊन गेला. गोळ्या सुरू झाल्या. महिन्या-दीड महिन्यात माय अंगणात आली. गवताचा भारा आणताना शेजारणीशी हसली. गोळ्या हा खोलीच्या भाड्यातून वाचवून आणायचा आणि पिठाच्या डब्याआड ठेवायचा.

"मग?"

"मग ती आणखी अंगानं भरली. ती गोळी जुन्या पद्धतीची होती, भूक लई लागायची. बाया बोलायला लागल्या. आजीला डबा घावला. गोळ्या चुलीत टाकल्या. माय मला म्हणली, बाबा, ऱ्हाऊ दे, लोक हसून राहिलेत." तो टाकीला टेकला. "ती परत भिंतीकडं गेली ती गेलीच."

पोरगी एसटीत खिडकीपाशी जे बोलली ते माझ्या कानात वाजत होतं. तेच वाक्य, शब्द फक्त वेगळे.

"आणि तू? तू तर काडी हायस."

"मला बी कळलं न्हाई आधी. शाळेत नोकरीला असताना सकाळी उठवायचं न्हाई. पोरांचा आवाज सहन व्हायचा न्हाई. वहिनीनं तुझ्या ओढून नेलं. डॉक्टरनं विचारलं, घरात कुणाला होतं? मी म्हणलो, आईला. तिथं खरं बोललो, मायच्या गोळीचं नाव बी सांगितलं. दुसरी, नवीन गोळी दिली. वजन वाढलं न्हाई."

एकाच मायच्या पोटचे आम्ही. तिचं अंग माझ्याकडं आलं, तिची भिंत त्याच्याकडं गेली आणि माझ्या पोरीला दोन्ही मिळालं. मला हाळीच्या बाजारातली ती दोन वासरं आठवली. पण तो विचार मी फार वेळ केला नाही, कारण त्याच्यापाठोपाठ राग आला आणि राग माझ्याकडं नेहमीच लवकर येतो.

"एवढं सगळं तुला ठाऊक होतं, तू स्वतः भोगून राहिला होतास, आन माझ्या पोरीला म्हणलास मागं उभी ऱ्हा?"

"मुलीकडच्यांनी विचारलं होतं रे," तो म्हणाला. "सोयरीक ठरताना. घराण्यात काही हाय का. मी म्हणलो, काही न्हाई. मग लग्नात तुझी पोरगी समोर आली. हुबेहूब माय. गावाकडची माणसं होती तिथं, कुणी म्हणलं असतं, आजीवर गेली, आजीला तर... मी भ्यालो."

"काही खोड नाही म्हणालास."

"हां."

मी त्याला मनातलं सगळं बोललो. शेजारच्या गच्चीवर पापड घालणारी बाई खाली निघून गेली. मायला आळशी म्हणत फिरला ते, शिक्षणाचं ते, साडीचं ते. तो ऐकून घेत राहिला, आणि तो असा ऐकून घेतो म्हणून मला आणखी राग आला. शेवटी मी म्हणालो, "दोन गोष्टी पायजेत. गोळीचं नाव डॉक्टरला सांग. आन पोरीला सांग, तिच्या तोंडावर, की तू घेतोस."

"नाव तुला लिहून देतो. डॉक्टरला फोन बी करतो. पोरीला तू सांग."

"न्हाई. तू यायचं."

"कुणी पाहिलं तर? सूनबाईला कळंल."

"कळू दे."

"बारक्या, समजून घे ना."

मी जिन्याकडं निघालो. भाव जमत नसला की पाठ फिरवायची, हा आमच्या धंद्यातला सगळ्यात जुना डाव आहे. दोन पायऱ्या उतरलो, तिसरी उतरलो. हाक येईना. तेव्हा मात्र मी कठडा धरून थांबलो, कारण हा डाव नव्हता. तो आला नसता तर माझ्याकडं पोरीला देण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं.

"बारक्या," वरून आवाज आला. "एकटीला सांगीन. तू बाहेर थांबायचं."

मी कबूल केलं.

ठरलेल्या दिवशी पोरीला नांदेडला आणायलाच घाम फुटला. ती येईना. "मी गोळी घेतलीच न्हाई, काय सांगू त्यांना?" घरची म्हणाली, "तेच सांग." एवढ्यावर ती उठली. घरचीही बरोबर आली. दवाखान्याच्या दारात काका उभा दिसला तेव्हा ती मागं सरकली. ती लग्नात सरकली होती तशीच. तो पुढं झाला, काहीतरी म्हणाला आणि दोघं आवारातल्या लिंबाखाली बाकावर जाऊन बसली.

घरची नंबर लावायला आत गेली, मी फाटकाशी थांबलो. ऐकू काही येत नव्हतं. मी चहाच्या गाड्यापर्यंत जायचो आणि परत यायचो. गाडेवाला म्हणाला, "मालक, बसा की, चकरा मारून रस्ता झिजंल." भाऊ खाली मान घालून बोलत होता. मध्येच त्यानं खिशातून गोळ्यांची पट्टी काढून तिला दाखवली. तिनं ती हातात घेतली, उलटून पाहिली. मग ती काहीतरी म्हणाली आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. माझ्याच्यानं राहवलं नाही. मी पोचलो तेव्हा ती म्हणत होती, "काका, तुम्ही तर काडी आहात हो."

"काडीला बी वाळवी लागते, बाई."

तो साडीचं बोलला का, हे मी नंतर तिला विचारलं. "सुरू केलं होतं," ती म्हणाली, "पण त्यांना रडू आलं." म्हणजे नीट बोलला नाही. माझा हिशेब अजून पुरा झालेला नाही, आणि तो मी सोडणार नाही.

डॉक्टरीणबाईंनी भावाकडून सगळं विचारून घेतलं. मायच्या जुन्या गोळीचं नाव ऐकून त्या म्हणाल्या, त्या गोळीनं वजन वाढायचंच, त्यात तुमच्या आईंचा दोष नव्हता. हे ऐकताना भाऊ खिडकीबाहेर बघत होता. काकाला लागू पडलेल्या जातीची गोळी त्यांनी पोरीला सुरू केली. तिला लागू पडेलच असं नाही, वजनावर लक्ष ठेवू, नाही जमलं तर बदलू, म्हणाल्या. मग तिला विचारलं, "आज मन कसं आहे? दहापैकी किती?" पोरीनं आईकडं पाहिलं आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. तिची आई असे आकडे ऐकून रडते.

बाहेर आल्यावर लिंबाखाली मी पट्टी तिच्यापुढं धरली. तिनं घेतली नाही.

"माझ्या अटी हायेत," ती म्हणाली.

माझीच पोरगी. "बोल."

"घरात कुणी माझ्या अंगावर बोलायचं न्हाई. आत्या आली तरी न्हाई. पाहुणे आले तरी न्हाई."

"मान्य."

"तुम्ही साखर तपासायची. बीपीची गोळी रोज घ्यायची. रक्त तुमचं बी तेच हाय."

"ते बघू."

"मग माझं बी बघू." तिनं पाठ फिरवली. डाव माझाच होता आणि मी त्यात सापडलो होतो.

"बरं, तपासतो. पर एक माझी बी अट. डॉक्टरनं विचारलं ते मला रोज सांगायचं. दहापैकी किती."

"आईसमोर न्हाई सांगणार."

मग मी तिला बोटं शिकवली. बाजारात पोरींना हे कुणी शिकवत नाही. एक बोट म्हणजे एक, पंजा म्हणजे पाच, आणि बोट मधल्या पेरावर धरलं की अर्धा. तिची आई बाजूला भावाला डबा देत होती, त्यात शेंगाची चटणी होती. पोरीनं ओढणी आमच्या हातांवर टाकली. तिचा हात थंड होता. तिनं माझी दोन बोटं धरली.

त्याला आता बरेच दिवस झाले. ती अजून लातूरला परतलेली नाही, रजा वाढवली आहे. काही दिवस गोळीनं मळमळलं, तेव्हा ती बंद करणार होती. काकानं फोन करून तिला गप्पांत गुंतवलं. सुनेला सांगितलंय का, हे मी त्याला विचारलं तर म्हणतो, सांगतो. माझी साखर निघाली. घरची त्यावरून दिवसभर बोलते आणि पोरगी त्या वेळी भिंतीकडून तोंड वळवून ऐकते.

आज अहमदपूरचा बाजार आहे. सकाळी निघताना मी तिच्या खाटेशी बसलो आणि रुमाल टाकला. दोन बोटं आली. मी उठणार तेवढ्यात तिनं तिसरं बोट चाचपलं आणि मधल्या पेरावर धरलं.

अडीच.

बाजारात कुणी असा भाव दिला असता तर मी रुमाल झटकून निघून गेलो असतो. इथं मी हात तसाच राहू दिला. बाहेर जीपवाला हॉर्न वाजवून राहिला होता, आणि माझा गुडघा हलत होता.